गोष्टीतलं गाव

"एक व्हता कुंभार," लक्ष्मी म्हणाली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत भिंतीकडं बघत राहिली.

"कुठं राहायचा?" मी वहीवर पेन्सिल टेकवून विचारलं.

"नदीवर. दोन नद्या भेटत्यात न्हवं, तिथं. पान्यात काळा खडक हाय, म्हस बसल्यावाणी. त्याच्या वरच्या अंगाला त्याचं घर."

बाकीच्या बायका हसायला लागल्या. "परवाचा राजाबी तिथंच व्हता की गं!" शेवंता म्हणाली. "आन् सोमवारची वाघीन तिथंच पानी प्यायला यायची."

लक्ष्मी हसली नाही. लोकांनी हसावं असं आपण काही बोललो, हे तिच्या गावीही नव्हतं.

ही ब्याण्णव सालची गोष्ट. सांगलीतल्या एका महिला आधारगृहात मी आठवड्यातून चार दुपारी साक्षरता वर्ग घ्यायला जायची. वय चोवीस. मराठी घेऊन एम.ए. झालेली, कायमची नोकरी नाही. समोर चौदा बायका. कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी घरातून मार खाऊन बाहेर पडलेली. अक्षरं गिरवायचा त्यांना कंटाळा येई, म्हणून मी एक युक्ती काढली होती. रोज एकीनं गोष्ट सांगायची, मी तिच्यातले सोपे शब्द फळ्यावर लिहायचे, सगळ्यांनी ते वाचायचे. कॉलेजात शिकलेले कथेचे घटक डोक्यात ताजे होते. मी वहीच्या पानावर तीन रकाने आखायची. कोण? कुठे? काय झालं? पात्रं, स्थळ, कथानक. शिकलेलं कुठंतरी वापरायला मिळतंय याचं मला फार अप्रूप होतं.

लक्ष्मी हे तिचं नाव नव्हतं. सहा वर्षांपूर्वी मिरज स्टेशनावर पोलिसांना ती सापडली, तेव्हा तिला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. रजिस्टरला काहीतरी लिहायला हवं म्हणून कुणीतरी लक्ष्मी लिहिलं. गाव विचारलं की ती दोन्ही कानांवर हात ठेवायची. नवरा, मुलं, काहीही विचारलं तरी तेच. भांडी घासायची, ज्वारी निवडायची, सांगितलं ते काम करायची. बोलायची फक्त माझ्या वर्गात, आणि तेही गोष्टीपुरतं. बाकीच्या लाजायच्या, म्हणून बहुतेक दिवशी गोष्ट तिचीच असे.

त्या दिवशीची कुंभाराची गोष्ट मला अजून पाठ आहे. त्या कुंभारानं आपल्या पोरीला खेळायला मातीचा राघू करून दिला. राघू बोलायला लागला, पण त्याला एकच शब्द यायचा. "पुढं?" कुणी म्हणालं, मी शेतावर चाललो, की राघू विचारायचा, "पुढं?" पेरणी करणार. "पुढं?" पीक येणार. "पुढं?" सगळं गाव जेरीला आलं. ज्याला त्याला पुढचं काही सांगता येईना. शेवटी लोक कुंभाराला म्हणाले, हा राघू फोडून टाक. तेव्हा पोरगी राघूला पदराखाली घेऊन नदीवर गेली.

"आणि?" मी विचारलं.

"गेली नदीवर," लक्ष्मी म्हणाली.

"मग काय झालं?"

ती पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळायला लागली. तिची कुठलीच गोष्ट शेवटाला जायची नाही.

वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. आज ते आठवलं की लाज वाटते. मी अगदी मास्तरणीच्या थाटात तिला सांगितलं, "लक्ष्मी, तू गोष्टी छान सांगतेस. पण दर वेळी तीच नदी, तोच खडक, असं कसं चालेल? स्थळ बदलायला पाहिजे. उद्या तुझी गोष्ट शहरात घडू दे. हे बघ, इथं सांगलीतच."

तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती समोर बसली. "एक व्हती बाई," म्हणाली. "सांगलीत..." ओठ हलले, पण पुढं शब्द नाही. मग तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले.

त्यानंतर ती माझ्या वर्गातही बोलेनाशी झाली. चार वर्ग तसेच गेले. शेवंता मला म्हणाली, "बाई, तुमी तिला काय बोललासा?" मी फळा पुसायला लागले.

त्याच आठवड्यात अधीक्षिका घोरपडेबाईंनी मला खोलीत बोलावलं. त्या मनानं चांगल्या होत्या, पण जागा कमी आणि माणसं जास्त, यात त्यांची कायम ओढाताण चालायची.

"दिघे, ती लक्ष्मी पुन्हा मुकी झालीय म्हणे. तुमच्या वर्गात तेवढी बोलत होती."

"हो बाई."

"तिची बदली आलीय. एक तारखेला तिला नागपूरकडच्या मोठ्या संस्थेत पाठवायचं आहे. बेवारस आणि मनानं आजारी अशा बायकांसाठी आहे ती. तिथं डॉक्टर तरी असतील."

"पण बाई, तिचं घर इकडंच कुठंतरी असेल. तिची भाषा इकडची आहे. नागपूरला गेली तर..."

"सहा वर्षांत कुणी आलं नाही हो विचारायला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मलाही बरं वाटत नाही. पण काय सांगून थांबवू? तुमच्याकडं काही आहे का?"

माझ्याकडं काही नव्हतं. एक तारखेला अठरा दिवस उरले होते.

त्या दिवशी वर्गाच्या रिकाम्या खोलीत बसून मी ती वही काढली. तिचं काही शोधावं असा हेतू नव्हता. तिला गप्प मीच केलं होतं आणि निदान तिचे शब्द वाचावेत, एवढंच मनात होतं. लक्ष्मीच्या सव्वीस गोष्टी होत्या. पहिला रकाना वाचला. राजा, वाघीण, कुंभार, सासुरवाशीण, आंधळा गुरव. दर पानाला माणसं वेगळी. तिसरा रकाना वाचला. लग्न, चोरी, दुष्काळ, बोलणारा राघू. एकीसारखी दुसरी नाही. मग मधला रकाना. दोन नद्यांचा संगम. म्हशीसारखा काळा खडक. मावळतीकडं तोंड केलेलं देऊळ. नदीला पाणी चढलं की लोक गुऱ्हाळाच्या काहिलीत, गूळ कढवायच्या मोठ्या कढईत, बसून पलीकडं जातात. पलीकडं चढाला करवंदाच्या जाळ्या. बुधवारी बाजार.

मी पानं पुन्हा मागून पुढं उलटली. जी बाई माणसं आणि प्रसंग इतके हवे तसे रचू शकत होती, तिला एक दुसरी नदी रचता येत नव्हती, हे कसं शक्य आहे? ती नदी तिनं रचलेलीच नव्हती.

मी धावतच स्वयंपाकघराच्या मागं गेले. लक्ष्मी दगडाच्या पायरीवर बसून ज्वारी निवडत होती. मी तिच्याशेजारी खाली बसले, सुपातली मूठभर ज्वारी माझ्या पुढ्यात ओढली आणि खडे वेचायला लागले.

"लक्ष्मी, माझं चुकलं," मी म्हणाले. "कुंभार तिथंच राहू दे. नदीवरच."

तिनं वर बघितलं नाही. दोन मुठी ज्वारी निवडून झाल्यावर मी विचारलं, "कुंभाराची पोरगी बाजाराला कुठनं जायची?"

माझी बोटं ज्वारीत थांबली होती. तिचे हात चालू होते.

"काहिलीतनं," ती म्हणाली. "मग चढ. मग तांबडी वाट. दोन कोस."

"आणि वाघिणीला कधी देऊळ लागायचं का वाटेत?"

"लागायचं की. देवाचं तोंड मावळतीला. पुजारी भेदरून आत बसायचा." तिच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं.

"त्या गावाचं नाव काय गं?"

"गावाला नाव कशाला?" ती म्हणाली. "गावच म्हणायचं."

तिला तिचं काही विचारलं की ती कान झाकायची. कुंभाराच्या पोरीचं विचारलं की सांगायची. पुढचे चार दिवस मी तेच केलं. वर्ग झाला की तिच्याशेजारी बसायचं आणि राजाच्या, वाघिणीच्या, आंधळ्या गुरवाच्या पायानं त्या गावात हिंडायचं. मधला रकाना भरत गेला. पण सगळं जमवूनही ते गाव महाराष्ट्रात कुठं आहे, हे मला सांगता येईना. नकाशात म्हशीसारखे खडक दाखवत नाहीत.

आधारगृहाच्या फाटकावर कादरचाचा असायचे. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी ही राखणीची नोकरी धरली होती. पाचव्या दिवशी निघताना मला वाटलं, यांनी जन्मभर गाड्या हाकल्यात, यांना विचारून बघावं.

"चाचा, एक गाव सांगते. ओळखता येतंय का बघा." मी वही उघडून वाचायला लागले. दोन नद्या, काळा खडक, मावळतीचं देऊळ. काहिलीपर्यंत आले तेव्हा त्यांनी तोंडातलं पान थुंकलं आणि स्टुलावरून उठले.

"अहो बाई, ही म्हसोंडी!"

"तुम्ही गेला आहात?"

"गेलो म्हणजे? कराडहून म्हसोंडी मुक्कामी गाडी दोन वर्षं माझ्याकडं होती. गाडी नदीच्या अलीकडं लावायची आणि त्या देवळाच्या ओट्यावर पाठ टेकायची. पहाटे खडकावर बगळे बसलेले असायचे. तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"लक्ष्मीनं."

त्यांनी आतल्या बाजूला बघितलं. "या अल्ला. रोज हिच्या हातचा चहा पितोय मी." मग त्यांचा चेहरा उतरला. "पण बाई, म्हसोंडी आता नाही. धरणात गेली. ब्याऐंशीच्या सुमाराला उठवली. देऊळ, खडक, सगळं पाण्याखाली."

"आणि माणसं?"

"माणसं इकडं आणून बसवली. विट्याच्या पुढं, माळावर. वसाहत म्हणतात."

रविवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं निघालो. घोरपडेबाईंनी रजिस्टरमधला लक्ष्मीचा फोटो दिला. सोबत संस्थेचं एक पत्र दिलं आणि म्हणाल्या, "मिळालं नाही तरी मला येऊन सांगा."

वसाहत म्हणजे उघड्या माळावर आखलेले सरळ रस्ते आणि दोन्ही बाजूंना एकसारखी घरं. झाड म्हणावं असं झाड नाही. चौकात सार्वजनिक नळ होता आणि त्याच्यापुढं घागरींची रांग. आम्ही चौकशी सुरू केली, तसे चारपाच पुरुष जमले. एक म्हातारा पत्र उलटसुलट करून बघत म्हणाला, "कुठल्या हापिसातनं आलासा? हितं आल्यापासनं लई जनांनी नावं लिवून नेली."

"आम्ही ऑफिसातून नाही आलो, बाबा. म्हसोंडीची एक बाई आमच्याकडं आहे. हा तिचा फोटो."

फोटो हातोहात फिरला. केस बारीक कापलेली, गाल बसलेली, कुठंही न बघणारी बाई. सगळ्यांनी माना हलवल्या. "आमच्यातली न्हाई ही," म्हातारा म्हणाला. "नाव काय हिचं?"

नाव मला ठाऊक नव्हतं. माणसं पांगायला लागली. कादरचाचा म्हणाले, "बाई, परतीची गाडी दीडची आहे." मी फोटो पिशवीत ठेवला. आता माझ्याजवळ वहीशिवाय काही नव्हतं.

मी नळावरच्या बायकांकडं गेले आणि माझ्या मनातही नसताना बोलून गेले, "तुम्हाला एक गोष्ट सांगू का? एक होता कुंभार."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. पण रांग मोठी होती आणि नळाची धार बारीक. मी सांगत राहिले. नदी सांगितली, खडक सांगितला. खडकाचं नाव काढल्यावर हसू थांबलं. मातीचा राघू सांगितला. राघू म्हणाला, "पुढं?"

नळाखाली घागर धरलेली चाळिशीची बाई तशीच उभी राहिली. घागर भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. मी तिच्याकडं बघतच बोलत होते. लोक म्हणाले, राघू फोडून टाक. मग पोरगी राघूला पदराखाली घेऊन नदीवर गेली.

इथं मी थांबले. मला पुढचं येत नव्हतं.

"आणि तिनं राघूला पाण्यात सोडलं," रांगेच्या शेवटून आवाज आला.

सोळा वर्षांची असेल. परकर-पोलक्यात, कमरेला रिकामी कळशी. "माती विरघळली. राघू नदीत मिसळला. म्हणून नदी बोलायला लागली. पुढं, पुढं, पुढं म्हणत अजून चाललीय." ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "ही गोष्ट तुम्हांस्नी कुणी सांगितली?"

"तुला कुणी सांगितली?" मी विचारलं.

"माझ्या आईनं. आनि ती आमच्या घराबाहेर कुनाला ठावं न्हाई. आईनं माझ्यापायी केली व्हती."

घागरवाली बाई घागर तशीच टाकून पुढं आली. "तानूवहिनी," ती म्हणाली. "माझी तानूवहिनी."

ती बाई हिराबाई. पोरीची आत्या. आणि पोरगी वैजयंता, वैजू. त्यांच्या ओसरीवर बसून हिराबाईंनी सांगितलं ते असं. गाव उठलं तेव्हा तानूबाईला दिवस गेलेले होते. वसाहतीत आधी पत्र्याच्या शेडी होत्या, त्यातच बाळंतपण झालं. मूल राहिलं नाही. तेव्हापासून ती रोज म्हणायची, मी घरी जाते. घरचे म्हणायचे, हेच घर. तीनचार वर्षं असं चाललं आणि एक दिवस ती घागर घेऊन पाण्याला म्हणून गेली ती परत आलीच नाही. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे हिराबाईंच्या भावानं, तालुके पालथे घातले, चौकीत नाव दिलं, दोन वर्षं शोधलं. शेवटी वसाहतीनं ती मेली असंच धरलं. भाऊ चार वर्षांपूर्वी वारला. वैजूला आत्यानंच वाढवलं.

"फोटो दावा," हिराबाई म्हणाल्या. त्यांनी तो पुन्हा बराच वेळ बघितला. "हे तिचं तोंड न्हाई हो. तिचे केस असे व्हते," आणि त्यांनी कमरेपर्यंत हात नेला.

दोघी दुसऱ्याच दिवशी आल्या. मी त्यांना आधीच बजावलं होतं. तिला एकदम काही विचारू नका, आई म्हणून मिठी मारू नका, ती कान झाकून घेईल. हिराबाईंना बाहेर कादरचाचांजवळ बसवलं, त्यांना रडू आवरत नव्हतं. वैजूला मी वर्गात मागच्या बाजूला बसवलं. घोरपडेबाई दारात उभ्या राहिल्या.

"लक्ष्मी, आज राघूची सांग," मी म्हणाले.

तिनं सुरू केलं. कुंभार, नदी, खडक. वैजू खाली मान घालून ऐकत होती. चटईची काडी तिनं नखानं उकलून उकलून तोडली. राघू बोलायला लागला, गाव जेरीला आलं, पोरगी नदीवर गेली. लक्ष्मी थांबली, रोजच्यासारखी.

"आणि तिनं राघूला पाण्यात सोडलं," वैजू म्हणाली.

लक्ष्मीनं मान वळवली.

"माती विरघळली. राघू नदीत मिसळला."

"कुनी सांगितली तुला?" लक्ष्मीनं विचारलं. सहा वर्षांत तिनं कुणाला काही विचारल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"आईनं."

"आई कुठं असती?"

वैजूनं माझ्याकडं बघितलं. मग ती स्वतःच म्हणाली, "पाण्याला गेलीया. येनार हाय."

लक्ष्मी उठली. चटया ओलांडत मागं आली आणि वैजूच्या पाठीमागं बसली. तिनं पोरीची वेणी हातात घेतली, दोन बोटांनी चाचपली.

"कुनी घातली ही? किती सैल."

"माझी मीच घालते."

तिनं रिबीन सोडली. वेणी सगळी उकलली, केस बोटांनी विंचरले, तीन पेड केले आणि घट्ट ओढून पुन्हा घालायला लागली. वैजूचे डोळे वाहत होते, पण डोकं तिनं जरासुद्धा हलू दिलं नाही. निम्मी वेणी झाल्यावर लक्ष्मी हळूच, जणू केसांशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मी घरीच निघाले व्हते गं. वाटच गावंना."

त्या दिवसापर्यंत तिच्या तोंडून 'मी' हा शब्द मी ऐकला नव्हता. दारातून घोरपडेबाई लगबगीनं आत निघून गेल्या. नंतर कळलं, त्या नागपूरला पत्र लिहायला बसल्या होत्या.

कागदपत्रं, डॉक्टरांचा दाखला, पोलिसांचा जबाब यात पाच आठवडे गेले आणि मग तानूबाई वसाहतीत गेल्या. लगेच सगळं ठीक झालं असं नाही. कितीतरी दिवस त्या दाराबाहेर पाऊल टाकत नव्हत्या. औषधं सुरू होती. मधेच आठवडाभर गप्प व्हायच्या. वैजूची पत्रं यायची, त्यातून हे कळायचं. एका पत्रात होतं की आई आता संध्याकाळी ओसरीवर बसते आणि आळीतली पोरं गोष्टी ऐकायला येतात.

मी तिकडं गेले ती पाच वर्षांनी, वैजूच्या लग्नाला. तोवर मला कॉलेजात नोकरी लागली होती. एस.टी.तून उतरले तर माळ तसाच, ऊन तसंच, नदी म्हणावी अशी वीस मैलांत नाही. मांडवाची दिशा कळेना म्हणून मी चौकात खेळणाऱ्या एका चिमुरडीला विचारलं. पाचएक वर्षांची, याच वसाहतीत जन्मलेली.

"कुठली गं तू?" मी सहज म्हटलं.

"म्हसोंडीची."

"तुझ्या गावात काय काय आहे?"

"नदी हाय," ती म्हणाली. मग माझ्या नव्या चपलांकडं बघून तिनं माझा हात धरला आणि मोठ्या काळजीनं सांगितलं, "पन तुमी नदीवर जाताना उजव्या अंगानं उतरा हां. डावीकडं शेवाळ हाय, पाय घसरतुया."